क्लोनडॉकिन ते कासलबार, मांडीवर पुरणाचा डबा

मे २०२१. करोनामुळे इथे परदेशात घातलेली जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली आणि पहिल्याच शनिवारी मी गाडी काढली. क्लोनडॉकिन ते कासलबार, जेमतेम तीन तास! तरी तिथल्या इस्पितळात डॉक्टर असलेला माझा धाकटा भाऊ नंदू मला सव्वा वर्षात भेटला नव्हता. एप्रिलमध्ये पुण्यात आई गेली. आम्हा दोघांनाही जाता आलं नाही. तेव्हापासून फोनवर एकच, "ड्युटीवर आहे, ताई." रडला नाही, भांडला नाही. मला भीतीच वाटायला लागली होती.

आदल्या वर्षी आई आमच्याकडून परत जाताना पुरण शिजवून, आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवून गेली होती. "होळीला नंदू आला की पोळ्या कर." होळीला नंदू कुठला यायला! ते पुरण मी जिवापाड जपलं. निघताना व्हॅनिला आईस्क्रीमचा तो डबा नऊ वर्षांच्या इराच्या मांडीवर दिला.

"मम्मा, द आईस्क्रीम विल मेल्ट!"

"अगं, आपल्या घरात आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम असतं का कधी?"

जाणाऱ्यांसाठी: किलकॉकपुढे टोल आहे, सुट्टे ठेवा. मलिंगरपर्यंत सुसाट, लाँगफर्डनंतर मात्र ट्रॅक्टरमागे निमूट चालायचं. पेट्रोलपंपावरचा चहा बरा, रोल त्याहून बरा. आम्ही गाडीतच खाल्लं. मग बॉग लागतो, मैलोन् मैल काळी ओली जमीन, झाडाचं नाव नाही. "वाळवंटच की गं हे, फक्त भिजलेलं," आई इथेच म्हणाली होती. तेव्हा मागच्या सीटवरून तिने सोललेल्या संत्र्याच्या फोडी पुढे यायच्या, न मागता. आताही तिथे माझा हात उगाच मागे गेला.

नंदू दारात उभा होता, वाळलेला. "ये," एवढंच म्हणाला. मी कणीक भिजवली, तवा तापवला, डबा उघडला. आत पिवळट दूध! इराच्या वाढदिवसाचं उरलेलं, खरंखुरं आईस्क्रीम.

"आय टोल्ड यू," इरा म्हणाली.

मी खाली फरशीवरच बसले. नंदूने डब्यात डोकावून पाहिलं. "ताई, आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम? आईने तुला घराबाहेर काढलं असतं!" तो हसायला लागला, हसतच राहिला, आणि हसता हसता लहानपणी रडायचा तसा मोठ्याने रडला. मीही रडले. मग कणीक वाया कशाला घालवायची, म्हणून गरम फुलके त्या व्हॅनिलात बुडवून खाल्ले. इथले लोक म्हणतात तसे, 'ग्रँड' लागले.

रविवारी घरी येऊन आधी फ्रीझर उघडला. मटारांच्या मागे तस्साच दुसरा डबा होता. पुरणावर आईच्या चमच्याच्या रेघा अजून तशाच. तेवढ्यात नंदूचाच फोन.

"सापडलं?"

"हो रे."

"हात लावू नकोस. शनिवारी मी येतोय."