आईचे धुतलेले हात

‘आत येण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी असली की माणूस आधी ती मोठ्यानं वाचतो आणि मग दार ढकलून आत येतो. पेणच्या एका लहानशा दवाखान्यात बसून मी हे इतक्या वेळा पाहिलं की शेवटी पाटी काढून टाकावी असं वाटायला लागलं. निदान लोकांचा वाचायचा वेळ तरी वाचला असता.

आत माझी धाकटी बहीण होती. तिला ब्लड कॅन्सर होता. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात ती टायपिंग करायची, लग्न ठरवायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेली ती सरळ मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातच पोचली. तिथे औषधांचा पहिला डोस झाला. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, की या औषधानं रोगाच्या पेशी मरतात तशा रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. त्या परत वाढेपर्यंत साधा ताप आला तरी तो साधा समजायचा नाही, लगेच घेऊन यायचं. रोह्यापेक्षा पेण मुंबईला जवळ म्हणून तिला मी माझ्या सासरी, पेणला ठेवून घेतलं. आई रोह्यातच राहिली, कारण घरी गणपती बसायचा होता आणि वडील गेल्यापासून ते सगळं तिच्याच अंगावर होतं.

ताप आला तो नेमका गणपतीच्या आदल्या दिवशी. पेणच्या माणसाला त्या दिवशीच्या हायवेबद्दल वेगळं सांगायला नको. वडखळ नाक्यावर सकाळपासून गाड्या अडकून पडल्या होत्या. अख्खी मुंबई रस्त्याच्या दोन्ही बाजू अडवून कोकणात निघालेली आणि आम्हाला उलट्या बाजूला जायचं होतं. माझे यजमान गाडी ठरवायला गेले ते हात हलवत परत आले. ड्रायव्हर म्हणाला होता की नेतो, पण कधी पोचवीन ते विचारू नका.

म्हणून गावातल्याच दवाखान्यात नेलं. तिथे आयसीयू होता, म्हणजे काचेचं पार्टिशन घातलेली एक खोली. दोन खाटा, एक एसी, त्याच्याखाली पाणी गळायचं म्हणून ठेवलेली बादली. शेजारच्या खाटेवर साप चावलेला एक शेतकरी होता आणि त्याचं सगळं घर बाहेरच्या पॅसेजमध्ये चटया टाकून राहायला आलेलं. डॉक्टर मात्र भला होता. त्यानं मुंबईला फोन लावला, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेली इंजेक्शनं सुरू केली, आणि त्याच्याही आधी तिचं रक्त एका बाटलीत काढून ठेवलं. ती बाटली मुंबईच्या लॅबला जायची होती. कुठला जंतू आहे ते तिथेच कळणार होतं, आणि जंतू वाढून ओळखू यायला काही दिवस जाणार होते. तोवर अंदाजानं औषध चालवायचं. अंदाजानं हा शब्द मला आवडला नव्हता, पण करते काय.

शेजारचा शेतकरी बरा होऊन घरी गेल्यावर डॉक्टरनं ती खाट रिकामीच ठेवली आणि मला सांगितलं, आत एकच माणूस जाईल, दरवेळी तेच, आणि साबणानं हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून. बाहेरचा एखादा जंतू आत गेला तर तिला तो झेपणार नाही. ते एक माणूस म्हणजे मी. तेव्हापासून मी त्या दाराची राखण करायला लागले आणि माझी सगळ्या नातेवाइकांशी भांडणं झाली.

आजाऱ्याला भेटायला जाणं ही आपल्याकडे हौस नसते, ते कर्तव्य असतं. गेलं नाही तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. त्यात सणाचे दिवस, सगळी माणसं गावात आलेली. रोह्याहून टेम्पो करून लोक आले. कुणी मोदक आणले, कुणी गणपतीच्या पायाचं फूल आणि दूर्वा, कुणी शहाळं फोडूनच आणलं होतं. मी नाही म्हटलं की एकच उत्तर, आम्ही काय परके? एक मावशी तर पदरानं नाक पुसत पुसत मला सांगत होती की सर्दी काल होती, आज नाही. आमच्या चुलत्यांनी जंतू वगैरे सगळं डॉक्टरांनी बिलं वाढवायला काढलेलं खूळ असल्याचं जाहीर केलं आणि बुटांसकट आत पाऊल टाकलं. मी त्यांचा शर्ट धरून मागे ओढलं. पुढे वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

वाईट वाटत होतं ते आईचं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. मी शेजाऱ्यांच्या फोनवर आईला नुसता ताप आहे म्हणून सांगितलं होतं. विसर्जन करून ती तिसऱ्या दिवशी आली आणि तिला मी बाकावर बसवलं. तिनं वाद घातला नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग बसते, म्हणाली. पेशी थोड्या वाढल्या की तुम्हाला आत सोडतो, असं डॉक्टर तिला रोज येता-जाता सांगायचा. काचेतून तिला लेकीचे पाय तेवढे दिसायचे. आतून बहीण मला विचारायची, आई आली का, जेवली का, तिला आत घे ना गं ताई. तिच्या तोंडात सगळे फोड आले होते, पाणीही गिळवत नव्हतं. मी म्हणायची, उद्या. त्या उद्याची मला स्वतःला चीड यायची. पण पेशी काही वाढत नव्हत्या, ताप उतरत नव्हता, आणि मुंबईहून काही कळत नव्हतं, कारण सुट्ट्या.

एके दुपारी मी इंजेक्शन आणायला मेडिकलच्या दुकानात गेले. पहिल्या दुकानात नव्हतं, दुसऱ्यात मिळालं. परत येते तर बाक रिकामा.

आई आत होती. बहिणीच्या खाटेच्या कडेला बसून ती ओल्या रुमालानं तिच्या ओठांचे कोपरे पुसत होती आणि दुसरा हात तिच्या डोक्यावरून फिरवत होती. केस गळून नुसतं टक्कल राहिलेलं, त्यावरून. बहिणीचे डोळे मिटलेले होते आणि इतक्या दिवसांत मी तिचा चेहरा तसा सैल पडलेला पाहिला नव्हता. मी काही बोलणार तेवढ्यात मागून सिस्टर आली. तीन दिवस तीही त्या दारासाठी लोकांशी भांडत होती, दमली होती, तिचाही सण बुडाला होता. ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली,

“आजी, या हातांनी लेकीला मारणार आहात का?”

आईनं हात काढून घेतला आणि पदराखाली धरला. बहीण डोळे न उघडताच म्हणाली, “असू दे सिस्टर. बरं वाटतंय मला.” पण ते बहुतेक मीच ऐकलं. आई तोवर बाहेर गेली होती.

संध्याकाळी बहिणीचं ब्लडप्रेशर खाली यायला लागलं. सलाईनच्या दोन बाटल्या एकदम लावल्या, ऑक्सिजन लावला. डॉक्टर मुंबईला फोन करत राहिला. गौरीविसर्जनाच्या दिवशी सकाळी ती गेली. बाहेर रस्त्यावर बाजा वाजत होता आणि मला त्या वाजवणाऱ्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. त्यांचा काय दोष, हे तेव्हाही कळत होतं.

लॅबचं उत्तर तिच्या दहाव्याच्या सुमाराला आलं. डॉक्टरनं निरोप पाठवून आम्हा दोघींना मुद्दाम बोलावून घेतलं. त्याचे मी आजही आभार मानते, कारण तसं करायची त्याला काही गरज नव्हती. त्यानं आईला समोर बसवून सावकाश सांगितलं. तुमच्या लेकीच्या रक्तात सापडलेला जंतू हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यांत राहतो. एरवी तो काही करत नाही. तिच्या औषधांनी तोंडापासून पोटापर्यंत आतलं नाजूक कातडं सोललं गेलं होतं आणि लढायला पेशी नव्हत्या, म्हणून तो तिच्या स्वतःच्याच पोटातून रक्तात उतरला. शिवाय ते रक्त काढलं ते भरती केलं त्या दिवशी. तेव्हा तुम्ही रोह्यात गणपतीची तयारी करत होतात, आजी. तुमच्या हाताचा यात काहीही संबंध नाही.

मी विचारलं, मग मी दारात बसून जगाशी कशाला भांडले? तो म्हणाला, बाहेरचे जंतूही येऊ शकले असते, दार बंद ठेवणं बरोबरच होतं. म्हणजे तेही बरोबर आणि हेही बरोबर. आणि माझी बहीण गेली. मला त्या टेबलावर काहीतरी आपटावंसं वाटलं. पण आईकडे पाहिलं तर ती मान हलवत होती, समजल्यासारखी. चला, एवढं तरी झालं, असं मनात म्हणून मी उठले.

कसलं काय. आई हात धुवायला लागली. सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. पेणला आमच्याकडे आली की पाणी द्यायच्या आधी हात धुवायची, दिल्यावर परत धुवायची. भाकऱ्या करायची सोडली. पीठ माझ्याकडून मळून घ्यायची आणि नुसती तव्यापाशी बसायची. कुणाच्या पोराच्या गालाला हात लावणं बंद झालं. मी समजावलं, चिडले, डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. व्हय गो, ठावं हाय मला, म्हणायची आणि मोरीकडे जायची. भांडायला समोर कुणीतरी लागतं. ती भांडतच नव्हती.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, तेव्हा रोह्याला माहेरी. आमच्या आळीत आईनं न्हाऊ न घातलेलं मूल शोधून सापडलं नसतं. पाय लांब सोडून पाटावर बसायची, बाळ पायांवर पालथं घ्यायची, खोबरेल चोळून चोळून अंग लाल करायची, आणि रडणारी पोरं तिच्या हाताखाली झोपी जायची. लेकी-सुनांना लोक सांगायचे, तिच्याकडून चार आंघोळी तरी घालून घ्या. मला वाटत होतं, बाळ पाहिलं की हे सगळं सुटेल. घरी आल्यावर आई म्हणाली, न्हाऊ घालायला मी पलीकडच्या बाईला सांगितलंय.

मी म्हटलं, बाई नको. तू घाल. ती नाही म्हणाली. मग मीही हट्टाला पेटले. बाईला दारातूनच परत पाठवलं, ओल्या बाळंतिणीनं न्हाणीत बसू नये म्हणतात ते सगळं धाब्यावर बसवलं आणि स्वतः पाटावर पाय सोडून बसले. आई उंबऱ्याशी उभी राहून सांगत राहिली, मान धर, पाणी मागून घाल, कानाला आडवा हात लाव. मला काही जमत नव्हतं. तेलानं बाळ हातातून निसटत होतं, किंचाळत होतं, आणि मीही रडत होते. शेवटी माझा संयम सुटला. तिच्याच पोटातला जंतू होता, तू तेव्हा रोह्यात होतीस, डॉक्टरांनी तुझ्या तोंडावर सांगितलं की नाही, असं मी त्या न्हाणीत बसून ओरडले.

आईनं आधी बाळाची मान धरायची खूण केली. मग म्हणाली,

“डॉक्टर चांगला मानूस हाय गो. मला बरं वाटावं म्हून बोलला तो.”

 मी शेवटचे दोन तांबे कसेबसे ओतले. आईनं मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोरीवरचा पंचा घेतला आणि माझ्यापुढे दोन्ही हातांवर पसरून उभी राहिली. मी बाळ त्यात ठेवलं. तिनं ते चारी बाजूंनी नीट गुंडाळलं, छातीशी धरलं आणि त्याचं रडं थांबेपर्यंत खोलीभर फिरत राहिली. पंच्याचं टोक बाळाच्या पायावरून सरकलं तेव्हा तिनं मला हाक मारून ते झाकायला लावलं.