चार दशांश

आमच्या शेजारचे गणिताचे सर म्हणजे हयातीत कशालाही सरळ 'हो' किंवा 'नाही' न म्हटलेले पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ असावेत. टपालाने आलेल्या कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं, की यंत्राला वस्तू ओळखायला शिकवायची तर 'ही या गटातली' आणि 'ही नाही' एवढ्याने भागत नाही. ती त्या गटात किती बसते, ते शून्य आणि एकच्या मधल्या आकड्यात सांगावं लागतं. तसलं यंत्र नगरात कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सरांनी स्वतःपासूनच सुरुवात केली. चहा 'सात दशांश गरम' असायचा. काकू कंटाळून विचारायच्या, "मग उरलेले तीन दशांश चुलीवर ठेवू का?" शनिशिंगणापूरला आम्ही गेलो, तेव्हा दर्शन राहिलं बाजूला, सर एका घराच्या उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभे. चौकट आहे, पडदा आहे, दार नाही. मग हे दारवालं घर किती? घरधनी म्हणाला, "मास्तर, आत या न्हाईतर भाईर ऱ्हावा. मधी नगा हुबं ऱ्हाऊ, म्हस यायचीय."

मीही हसायचो.

बहात्तरच्या दुष्काळात मी तिसगावकडे खडी फोडण्याच्या कामावर हजेरी कारकून होतो. रजिस्टरात दोन रकाने होते, कामास पात्र आणि अपात्र. पात्र माणसाने ठरलेला ढीग फोडला नाही, तर साहेब कारकुनाला बोलत. दिवाळीच्या सुट्टीत सर वही घेऊन तिथे आले आणि रांगेतल्या प्रत्येकाला विचारू लागले: घमेलं उचलवतं का, किती वेळ बसवतं, दिसतं किती. साळूबाई नावाच्या म्हातारीपाशी ते थांबले.

"चार दशांश," ते म्हणाले. "रांजणापाशी पाणी द्यायला बसवा हिला."

"सर, रकाने दोनच आहेत."

"मग पात्रात घाला. थोडी तरी बसते ना त्यात."

साळूबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "लिव्ह की दादा. थोडी तरी हाय की मी."

मी अपात्र लिहिलं. साहेब त्या दिवशी येणारही नव्हते. रांग निम्मी उरली होती आणि मी दमलो होतो, एवढंच कारण. ती हातोडा पदरात गुंडाळून गेली. नंतर आठवडाभर मी रांगेत तिला शोधलं. ती आली नाही.

सर मला कधी काही बोलले नाहीत. ते नगर सोडून लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा मीच विचारलं, "सर, त्या दिवशी माझी चूक किती?" त्यांनी तीच वही काढली, साळूबाईखाली माझं नाव लिहिलं, पुढे शून्य काढलं, टिंब दिलं आणि पेन्सिल धरून बसून राहिले. चहा निवत गेला. किती निवला, तेही बोलले नाहीत. शेवटी वही माझ्यापुढे सरकवून ते सामान बांधायला उठले.

वही माझ्याकडेच आहे. टिंबापुढची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.