पहिल्या खुड्याची पानं

उषाबाईंना कॉपीचा वास येतो, असं आमच्या शाळेतली मुलं म्हणायची. प्रकल्पाची वही उघडली की पहिल्याच पानावर बाई ओळखायच्या, हे बोईसरच्या दुकानातून आलंय. तिथे स्टेशनजवळ एक झेरॉक्सवाला आहे. जलप्रदूषणापासून किल्ल्यांपर्यंत सगळे प्रकल्प त्याच्याकडे तयार मिळतात, वर चकचकीत कव्हर लावून. शाळाशाळांतून त्या वह्यांवर सह्या ठोकल्या जातात, मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि सगळे सुखात असतात. बाई मात्र वही परत करायच्या. हे तुझं नाही, तुझं घेऊन ये, एवढंच म्हणायच्या.

बाई केळव्याच्याच, वाडीवाल्या घरातल्या. लग्न केलं नाही. भावाची नारळी-सुपारीची आणि पानवेलीची वाडी आहे, तिच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहतात. उंची बेताची, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडे जाणारा. मी साताऱ्याकडचा, बोईसरला राहून इथे गणित शिकवतो. मी हजर झालो त्या दिवशी बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, घाटावरचे ना, मग आधी मासे खायला शिका, नाहीतर उपाशी मराल. मी शिकलो, तेही त्यांच्याच हातचे खाऊन.

निवृत्ती जवळ आली तेव्हा बाईंच्या डोक्यात एक नवं खूळ शिरलं. इंटरनेटवर मराठीत एक मुक्त ज्ञानकोश आहे. तिथे कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, कुणीही फुकट वाचावं. शिक्षकांच्या ज्या प्रशिक्षणात मी जांभया देत बसलो होतो, तिथून बाई हे सगळं शिकून आल्या. मुलं प्रकल्प तिथूनच उतरवतात ना, मग आता तिथे लिहू देत, असं त्यांचं म्हणणं. नववीला त्यांनी काम दिलं, केळव्याच्या पानवाड्यांवर लेख लिहायचा. एकही ओळ उचललेली चालणार नाही. गावातल्या माणसांना विचारायचं आणि ज्यांना विचारलं त्यांची नावं लेखाच्या शेवटी घालायची. छापील आधारही लागतात म्हणून बाई स्वतः पालघरच्या वाचनालयात जाऊन जुनी पुस्तकं धुंडाळून आल्या.

हे नावं घालण्याचं मुलांच्या काही पचनी पडेना. तेव्हा बाईंनी आपल्या आळीतली रीत सांगितली. तिथे पानवेलीचं बेणं, म्हणजे लावायला तोडलेले वेलीचे तुकडे, कुणी मागायला आलं तर नाही म्हणत नाहीत आणि त्याचे पैसेही घेत नाहीत. मात्र ती वेल वाढून तिचा पहिला खुडा झाला, की त्यातली पानं केळीच्या पानात बांधून ज्याचं बेणं त्याच्या घरी पोचवायची. जो विसरला तो आळीच्या मनातून उतरला. ज्ञानकोशाचा कायदा हाच आहे, बाई म्हणाल्या, हवं तेवढं न्या, पण पहिली पानं मालकाच्या घरी. वर्गाला ते लगेच समजलं.

लेखाचा जीव होता तात्यांच्या बोलण्यात. तात्या राऊत हे वर्गातल्या वैष्णवीचे आजोबा. त्यांना आता धड दिसत नाही, पण पानांच्या करंड्या बैलगाडीतून केळवे रोड स्टेशनला कशा जायच्या, खारा वारा अडवायला कोणती झाडं लावायचे, पाणी मचूळ झाल्यावर कुणाकुणाच्या वाड्या बसल्या, हे सगळं ते काल घडल्यासारखं सांगतात. वैष्णवीने त्यांचं बोलणं मोबाइलवर घेतलं आणि ऐकून ऐकून उतरवलं. त्यात तिने एक चूक केली. त्यांच्या वाडीतल्या गोड्या पाण्याच्या विहिरीला घरात 'जानू आजीची विहीर' म्हणतात. जानू आजी म्हणजे तात्यांची आई. घराबाहेर हे नाव कुणाला ठाऊक नाही. पोरीला वाटलं, सगळं गाव तसंच म्हणतं, म्हणून तिने लेखातही तसंच घातलं. बाईंच्याही नजरेतून ते सुटलं.

लेख ज्ञानकोशावर चढला. पोरं मोबाइल नाचवत घरोघर फिरली. वैष्णवीने तात्यांना सगळा लेख वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत त्यांचं नाव होतं, 'माहिती देणारे : तात्या राऊत, पानवाडीवाले'. ती ओळ तात्यांनी पुन्हा वाचायला लावली. बाई मला म्हणाल्या, "सर, आता मी रिटायर व्हायला मोकळी. मुलांच्या नावावर हे एवढं एक पान राहिलं, की मला दुसरं काही नको."

पावसाळा सरता सरता ते पान गायब झालं. जागेवर सूचना होती, हा मजकूर एका रिसॉर्टच्या वेबसाइटवरून जसाच्या तसा उतरवलेला असल्याने काढण्यात आला आहे. आम्ही ती वेबसाइट उघडली. रिसॉर्ट केळव्याच्याच किनाऱ्यावरचं, मालक दिग्विजय, बाईंचाच जुना विद्यार्थी. 'आमच्या मातीची गोष्ट' या मथळ्याखाली मुलांचा अख्खा लेख तिथे होता. शेवटची नावं तेवढी छाटलेली. जानू आजीची विहीरसुद्धा होती, आणि शेजारी स्विमिंग पूलचा फोटो. तळाशी 'सर्व हक्क राखीव' आणि त्यापुढे रिसॉर्ट उघडलं तेव्हाचं साल. ज्ञानकोशाची राखण करणारे लोक बिनपगारी असतात. त्यांच्यातल्या कुणीतरी ते जुनं साल पाहिलं आणि शाळेतल्या पोरांनीच उचललं असणार असं गृहीत धरलं. मला त्याचा राग आला, पण नवल वाटलं नाही.

बाईंनी त्या माणसाला लिहिलं. त्याचं उत्तर सभ्य होतं. तुमचं म्हणणं खरं असेल, पण अशा वेळी वेबसाइटच्या मालकाचं लेखी लागतं. मजकूर मुळात मुलांचा आहे अशी एक ओळ त्यांनी द्यावी, पान परत लावतो.

मी बाईंबरोबर रिसॉर्टवर गेलो. दिग्विजय वाकून पाया पडला, शहाळी मागवली. पोरगा तसा वाईट नाही, आणि माझं डोकं फिरतं ते त्यामुळेच. वेबसाइट मुंबईच्या कुणा पोराने बनवली, त्याने कुठून काय घेतलं ते मला काय माहीत, असं तो सांगत राहिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ही जानू आजीची विहीर कुठे आहे ते दाखव. दिग्विजय लाजत लाजत हसला. पाहुणे फार विचारायला लागले म्हणून त्याने रिसॉर्टच्या मागच्या विहिरीवरच तशी पाटी लावून टाकली होती. एक जोडपं पाटीला टेकून सेल्फी घेत होतं.

बाईंनी ती एक ओळ लिहून मागितली. दिग्विजयचं हसू गेलं.

"चोरलं असं लेखी कसं देऊ, बाई? धंदा बसेल माझा."

"चोरलं म्हणू नकोस. मुलांचं आहे, एवढंच म्हण."

"ते एकच झालं ना."

त्या दिवशी तो खरं बोलला ते एवढंच. आम्ही शहाळी तशीच ठेवून निघालो.

पुढे प्रकरण मुख्याध्यापकांनी हातात घेतलं. शाळेतले पंखे आणि पाणी गाळायचं यंत्र दिग्विजयने दिलेलं, त्यामुळे ते कुठल्या बाजूला झुकणार हे मला आधीच कळलं होतं. दिग्विजयने पत्र दिलं. पण ते कसं, तर आमच्या वेबसाइटवरचा मजकूर शाळेच्या विद्यार्थ्यांनी शैक्षणिक कामासाठी वापरण्यास आमची हरकत नाही. मुलांचा लेख मुलांना वापरायची परवानगी! मुख्याध्यापकांनी ते पत्र बाईंना न विचारता शाळेच्या नावाने ज्ञानकोशाकडे धाडून दिलं. पान परत लागलं. शेवटच्या ओळीत तात्यांच्या नावाच्या जागी आता रिसॉर्टचं नाव होतं, 'यांच्या सौजन्याने'. बाईंनी त्या राखणदाराला पुन्हा लिहिलं. त्याने कळवलं, शाळेनेच मान्य केलं आहे, आता मी काय करू? त्याचंही काही चुकलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर दिग्विजयचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मुलांच्या हातून घडलेली चूक त्यांनी मोठ्या मनाने पोटात घातली, असं मुख्याध्यापक माइकवरून बोलले. गुच्छ द्यायला त्यांनी वैष्णवीला उभं केलं होतं, नववीतर्फे म्हणून. बाई खुर्चीवरून उठल्या, पोरीच्या हातातला गुच्छ काढून टेबलावर ठेवला आणि तिचा हात धरून तिला परत रांगेत नेलं. स्वतःही तिच्या शेजारी रांगेतच उभ्या राहिल्या. मुख्याध्यापकांनी नंतर त्यांना शिस्तीवर बरंच ऐकवलं. बाईंनी उलट उत्तर दिलं नाही, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

नंतरच्या एका रविवारी मी बाईंकडे जेवायला गेलो असताना दिग्विजयचा गडी दारात आला. पाहुण्यांना दाखवायला म्हणून दिग्विजयने आवारात पानवेल लावली होती. बेणं बाईंच्या भावाकडून नेलेलं. तिचा पहिला खुडा झाला होता, म्हणून केळीच्या पानात बांधलेली पानं त्याने रीतसर पाठवली होती. वेलीची रीत तो विसरला नव्हता. बाई त्या पुडीकडे बघत बसल्या. मग चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, चला.

आम्ही तात्यांकडे गेलो. तात्या पडवीत बसले होते, वैष्णवी सुपाऱ्या निवडत होती. झाल्या प्रकारातलं तात्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पोरीनेही नाही. बाईंनी पुडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, दिग्विजयच्या पहिल्या खुड्याची पानं आहेत, ती तुमची. तात्यांनी एक पान बोटांनी चाचपलं, देठ मोडून वास घेतला.

"पान झकास हाय. पण मी त्याला कदी बेणं दिलं?"

तात्यांनी पुडी पुन्हा बांधून पुढे केली.

"मग नको. नाय दिलं त्याची पानं आमी कशी घ्यायची?"

बाईंनी पुडी घेतली. माणूस दारात आला आणि आपल्याकडचं काही न घेता परत चालला, हे तात्यांना बरं दिसेना. ते नातीला म्हणाले, तो आपला लेख बाईंना वाचून दाखव. वैष्णवीने बाईंकडे पाहिलं. मग हात पुसून मोबाइल घेतला आणि वाचायला लागली. करंड्या झाल्या, खारा वारा झाला, जानू आजीची विहीर आली तेव्हा तात्यांची मान हलली. मी तिच्या मागे उभा होतो, मला मोबाइलचा पडदा दिसत होता. शेवटच्या ओळीवर रिसॉर्टचं नाव होतं.

"माहिती देणारे," वैष्णवीने वाचलं, "तात्या राऊत, पानवाडीवाले."

बाई खाली बघत होत्या. समोर नसलेलं वाचणाऱ्या पोराला त्यांनी आजवर कधी सोडलं नव्हतं. तात्या म्हणाले, शेवटचं परत वाच. वैष्णवीने मोबाइल बाजूला ठेवला आणि परत वाचलं.