मोरजीला कुणी सांगितलंच नाही

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. आमच्या डिचोलीच्या ऑफिसात ते 'क्लास सापडत नाही' या एकाच एररभोवती साचले. आज हसू येतं. तेव्हा माझा जीव टांगणीला होता. पुण्यातली नोकरी नाकारून मी घरी ठणकावलं होतं, "हे काम इथंही होतं." आणि आमच्या पुण्याच्या क्लायंटने बजावलं होतं, "पुन्हा बंद पडलं तर काम इकडे हलवू."

काम ट्रकवाल्यांचं. कुणाचा ट्रक कितव्या नंबरवर भरायचा, हे आमच्या सर्व्हरांच्या सामायिक कॅशमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकाच साठवणीत, राही. सर्व्हर तीन, गावांची नावं दिलेले: मये, मुळगाव, मोरजी. हरमल नंतर आला.

*

पहिल्यांदा एरर आली तेव्हा मी दिवसभर कोड वाचत बसले. क्लास, म्हणजे नंबर कसा वाचायचा ते सांगणारा कोडचा तुकडा, तर समोर दिसत होता!

शेजारची तेजा म्हणाली, "कोणाक गावना?"

"सर्व्हरला."

"खंयच्या?"

हे मी बघितलंच नव्हतं. नवा कोड मये आणि मुळगावला पोचला होता, मोरजीला नाही. मयेने कॅशमध्ये ठेवलेला नंबर मोरजीने उचलला, पण तो उलगडायचा कसा हे त्याला ठाऊक नव्हतं.

तेजा मोरजीची. ती म्हणाली, "आमका केन्नाच कोण सांगना."

*

त्याच दिवशी एक ट्रकमालक काका आले. नंबर गायब झालेला. तेजाने समजावलं, "काका, मावशीन फणस धाडलो. घरात पावलो. पण कापूचो कसो, ता घरात कोणाक म्हायत ना."

काकांनी विचार केला. "मग फणस गेलो खंय?"

"घरातच आसा."

"मग माझो नंबर दी गो."

जी आमच्यासाठी एरर, तो त्यांचा बुडालेला दिवस होता.

*

आमचे सीनियर सगुणदादा प्रत्येक रिलीजआधी, म्हणजे नवा कोड सर्व्हरांवर चढवण्याआधी, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. मला चीड यायची. "देव फाइल कॉपी करणार आहे का, दादा?"

"ना गो. पण कोणाक इसरूक जायना."

हरमल आल्यानंतरच्या पहिल्या रिलीजला त्यांनी मयेचं, मुळगावचं, मोरजीचं नाव घेतलं. मी सोडून सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." संध्याकाळी हरमल पडला. तीच एरर.

मी संधी सोडली नाही. "दादा, गाऱ्हाण्यात हरमल नव्हता."

दादांनी शांतपणे विचारलं, "तुझ्या स्क्रिप्टात होता?"

मी नवा कोड सर्व्हरांना वाटणारी माझी स्क्रिप्ट उघडली. नव्हता.

*

मग क्लायंटचे साहेबच डिचोलीला आले. त्यांच्यासमोर रिलीज, आणि ही शेवटची संधी. मी आता नियम केला होता: प्रत्येक सर्व्हरने नवा क्लास मिळाल्याचं कळवल्याशिवाय कॅशमध्ये नवं काही ठेवायचं नाही.

मी एकेक नाव पुकारत गेले. तेजा स्क्रीन बघून, क्लास आला की सांगे.

"मये?"

"आयला."

"मुळगाव?"

"आयला."

"मोरजी?"

"आयला."

हरमलला वेळ लागला. दादांनी नारळापुढे हात जोडले होते. मग तेजा हळूच म्हणाली, "आयला."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे सगळ्यांना पोचलं?"

माझ्याच तोंडून गेलं, "व्हय म्हाराजा."

पडद्यावर काकांचा नंबर उमटला.

साहेब हसले नाहीत. बॅग उचलून दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "पुढच्या वेळचा नारळ मी आणतो."