ओढ्यापलीकडची दाढ

गाठीच्या रोगाची साथ आली त्या हिवाळ्यात आमचं अख्खं गाव शेतात राहायला गेलं होतं. निजामाचं राज्य. बीडहून हुकूम आला की उंदीर मरून पडायला लागले की घरं सोडायची, दारं सताड उघडी टाकायची, ऊन आत येऊ द्यायचं. तलवाड्याच्या अलीकडं आमचं गाव. ज्वारीच्या कडेनं कडब्याच्या आणि तुराट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या.

मला ते राहणं आवडायचं, हे सांगायला आता कुणाची भीती नाही. सकाळी धुकं उतरायचं आणि झोपड्या, बैल, माणसं सगळी त्यात विरघळून जायची. चुलीचा धूर धुक्यात मिसळायचा आणि कुणाची चूल कुठली ते कळायचं नाही. मी पदराखाली लेकीला घेऊन बसायची. ती अजून रांगत नव्हती, नुसती कणसांकडं बघून हात हलवायची.

माझी खालची दाढ त्याआधीपासून ठणकत होती. मी लवंग दाबून धरली, मिश्री लावून बघितली. शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, दाढ कुणाची दुखत नाही, आणि दाढ दुखून आजवर कोण मेलंय? त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. सरकारातसुद्धा तसंच होतं. देवी टोचायला माणूस यायचा, पटकीला विहिरीत औषध पडायचं, गाठीच्या रोगासाठी तर घोड्यावरून डॉक्टर गावोगाव फिरायचा. दाताला मात्र कुणी वाली नव्हता. तोंड जणू कुणी शरीरात धरतच नव्हतं. दात दुखला तर बाजारात वैदू बसलेला असतो, त्याच्यापुढं जाऊन बसा आणि पुढचं नशिबावर सोडा.

मग एके दिवशी मला ताप भरला आणि जबड्याखाली गाठ आली.

डॉक्टर आला तेव्हा मी डोक्यावरून पदर ओढून झोपडीच्या तोंडाशी बसले होते. तो चार हात लांब उभा. परक्या पुरुषानं सुनेच्या गळ्याला हात कसा लावायचा? म्हणून आत्याबाईंनी पदराखाली हात घालून चाचपलं आणि सांगितलं की गाठ आहे. ताप किती, दुखतं कुठं, डॉक्टरनं विचारलं मला, आणि उत्तरं दिली सासऱ्यांनी. सासऱ्यांपुढं सुनेचा आवाज निघायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मी पदराचं टोक दातांत धरून बसले होते, तेही नेमकं त्या दुखऱ्या बाजूनं. नवऱ्याकडं बघितलं तर ते जमिनीकडं बघत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी असा खाल्ला. डॉक्टरनं सांगितलं, ताऊन. सरकारी भाषेत गाठीच्या रोगाचं ते नाव. रोग्याला ओढ्यापलीकडं ठेवायचं, पोराला आईजवळ द्यायचं नाही.

लेकीला माझ्या मांडीवरून उचललं तेव्हा तिनं माझा पदर घट्ट धरला होता. आत्याबाईंनी एकेक बोट सोडवलं. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या थांबल्या नाहीत.

पलीकडचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आणि आठवतात ते असे की खरे वाटत नाहीत. तापात ज्वारीचं शेत पाण्यासारखं हलायचं. धनगरांच्या मेंढ्यांच्या घंटा वाजायच्या आणि मला वाटायचं, मी माहेरी आहे, अजून लग्नच झालेलं नाही. झोपडीच्या फटींतून उन्हाच्या रेघा अंगावर पडायच्या, त्या मी हातानं झाडायची. आत्याबाई दगडावर भाकरी ठेवून मागं सरायच्या. भाकरी चावता यायची नाही, पाण्यात कुसकरून गिळायची. आणि मग ओढ्याच्या त्या अंगानं लेक रडायची. तिचं रडणं ऐकलं की माझी चोळी दुधानं भिजायची. तिला तिकडं शेळीचं दूध बोळ्यानं पाजत होते. तेवढ्यापुरती मी पूर्ण शुद्धीवर यायची. मला सगळ्यांचा राग यायचा, सासऱ्यांचा, सरकारचा, नवऱ्याचा तर फारच.

माझं दूध हळूहळू कमी व्हायला लागलं. ते आटलं तर लेक जगणार नाही, हे मला पक्कं वाटत होतं. शेळीच्या दुधावरची पोरं मी बघितली होती.

डॉक्टर पुन्हा फेरीवर आला. सासरे ओढ्याच्या अलीकडं, तो पलीकडं माझ्या झोपडीसमोर. त्यानं विचारलं, तब्येत कशी आहे? सासरे तिकडून ओरडून म्हणाले, "आजून जिती हाय." तेवढ्यात लेकीचं रडणं आलं. मी उठले, डोक्यावरचा पदर खाली टाकला, सासऱ्यांच्या देखत.

"डागदरसाहेब, ताऊन न्हाई. दाढ हाय. माझ्या तोंडात बगा," मी म्हणाले आणि उन्हाकडं तोंड करून आ वासला.

डॉक्टर जवळ आला, वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं पेटी उघडली. दात उपटायचा चिमटा तीत नव्हता. दातासाठी हुकूमच नाही, तर चिमटा कोण देणार, असं तो स्वतःशीच पुटपुटला. गाठी फोडायची सुरी होती, तिनं त्यानं हिरडी चिरली. घाण निघाली, रक्त निघालं आणि इतकं हलकं वाटलं की मी खाली बसून हसायलाच लागले. ताप उतरल्यावर, गाठ बसल्यावर त्यानं मला मोकळं केलं. ती दाढ पुढं तलवाड्याच्या बाजारात वैदूनं काढली, ती रडकथा वेगळी.

ओढा ओलांडायला मी निघाले तर समोरून सासरे येत होते. चारचौघांत पोराला कधी न घेणारा माणूस लेकीला छातीशी धरून, धोतर भिजवत पाण्यातून आला. माझ्याकडं न बघता त्यांनी तिला माझ्या हातात दिलं.

"बोललीस ते बरं केलंस, बाई," एवढंच म्हणाले आणि माघारी गेले.

मी तिथंच काठावर बसले. लेकीनं आधी तोंड फिरवलं. मी शेळीच्या वासाची झालेली माझी लेक हुंगत राहिले. मग तिनं हळूच छाती तोंडात धरली आणि मी कळवळले. बोट घालून बघितलं तर खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढा दात वर आला होता. तिचा पहिला दात, आणि तो उगवताना मी तिच्याजवळ नव्हते.