चान्स बघून देणारे सर

सीईटीचा निकाल लागला की आमच्या नेवाशात चान्स बघून घ्यायची पद्धत आहे. आई-बाप पोराला नाहीतर पोरीला घेऊन कुठल्यातरी सरांकडे जातात आणि विचारतात, "सर, सरकारीत चान्स हाय का?" सर लॅपटॉपमध्ये बघतात, ओठ मुडपतात आणि चान्स सांगतात. लग्नाआधी पत्रिका दाखवतात, तसंच. फरक एवढाच की पत्रिका बघणारा स्वतःच्या घरचा नवरा लगेच पुढे करत नाही.

माझ्या मामाच्या मुलीचा चान्स असाच बघितला गेला. त्या दिवसाची शिसारी अजून गेलेली नाही.

मामा पाथर्डीकडचा. दिवाळी झाली की मामा-मामी टोळीबरोबर कोपरगावकडे ऊस तोडायला जातात, म्हणून मुलगी अकरावीपासून आमच्याकडेच राहिली. तिला पुण्याच्या सरकारी कॉलेजात मेकॅनिकल करायचं होतं. घरात काही बंद पडलं की ती ते उघडून बसायची. आमचा मिक्सर तिने इतक्यांदा जोडला की त्याचा एक स्क्रू कायमचा डब्यात राहिला आहे, आणि मिक्सर अजून चालतो. तिचे गुणही चांगले होते. मागच्या वर्षी त्या कॉलेजात तिच्या प्रवर्गातून प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाला जेवढे होते, त्याहून चांगले. ही माहिती सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळते. मी ती मामाला मोबाईलवर दाखवली. त्याने मान डोलावली.

"तू म्हनती ते खरंच असंल, भाचीबाई. पन एकदा सरांना इचारू."

सरांचं शिबिर मंगल कार्यालयात होतं. जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याच्या शिक्षणसंस्थेने भरवलेलं. चहा फुकट, पोहे फुकट, पाण्याच्या बाटलीवर साहेबांचा हसरा फोटो. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नातली लाल मखमलीची खुर्ची तशीच होती आणि तिच्यावर सर बसले होते. खाली आई-बापांची रांग. कुणी चप्पल बाहेर काढून आलं होतं.

आमची पाळी आली. सरांनी मुलीचं नाव विचारलं नाही.

"कॅटेगरी?"

तिने सांगितली.

"पर्सेंटाइल?"

तेही सांगितलं.

"वडील काय करतात?"

"ऊसतोड," मामा म्हणाला.

"अच्छा."

त्या 'अच्छा'मध्येच तिचा चान्स ठरला होता, लॅपटॉप नंतर उघडला. पडद्यावर तिला हव्या असलेल्या पुण्याच्या कॉलेजसमोर पिवळा रंग आला. हिरवा म्हणजे मिळणार, लाल म्हणजे नाही, पिवळा म्हणजे सर म्हणतील ते.

"रिस्की आहे हो," सर म्हणाले. "आणि मुलीला मेकॅनिकल कशाला? ग्रीस लावत बसणार का ती?"

"लावते की," ती म्हणाली. "ट्रॅक्टरला लावलंय."

मागे कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी मामाकडे वळून आवाज मऊ केला. "असं करू. पहिल्या नंबरला आपलं संस्थेचं कॉलेज टाकू. जवळ आहे, होस्टेल आहे, साहेबांचं लक्ष असतं. सरकारी दुसऱ्या नंबरला ठेवू. मिळालं तर मिळालं."

इथे एक नियम सांगायला हवा, कारण सगळी चलाखी त्याच्यात आहे. अर्जात कॉलेजांची नावं आवडीच्या क्रमाने भरायची असतात. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ते पक्कं. मग खालच्या नावांकडे कुणी बघतसुद्धा नाही. ते कॉलेज घ्यायचं, नाहीतर या प्रवेशातून बाहेर पडायचं. संस्थेच्या कॉलेजात जागा रिकाम्या राहतात, तिथे तिला प्रवेश मिळणारच होता. म्हणजे सर सांगत होते त्या क्रमाने सरकारी कॉलेजचं नाव नुसतं शोभेला होतं.

मी हे मोठ्याने बोलले. मागच्या वर्षीची यादीही दाखवली.

"मागच्या वर्षीचं यंदा चालत नसतं, मॅडम."

"मग तुमच्या लॅपटॉपात कुठल्या वर्षीचं आहे?"

आता बरेच जण हसले. सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कुठे शिकवता?"

"कुठेच नाही."

"मग झालं तर."

मामाने हात जोडले. मला वाटलं आता तो उठेल. पण तो सरांची माफी मागत होता. "मनावर घिऊ नका सर. घरात बारीकपनापास्नं पत्रकं वाचून अशी झालीय. बापच युनियनवाला, काय करनार."

खरं आहे ते. आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची, वह्यांना कव्हरंही त्यांचीच. पण माफी? ज्याने त्याच्या मुलीचं नावसुद्धा विचारलं नाही, त्या माणसाची?

सरांच्या मदतनीस बाईने अर्ज भरला. पहिल्या नंबरला संस्थेचं कॉलेज. आता मामाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला की अर्ज पक्का होणार होता. मोबाईल मुलीच्या हातात होता.

"आला का?"

"न्हाई आला."

"परत पाठवते. आता?"

"रेंजच न्हाई मॅडम इथं."

मी तिच्या शेजारीच होते. पडद्यावर ओटीपी लख्ख दिसत होता. बाई वैतागून म्हणाल्या, संध्याकाळी फोन करून सांगा. आम्ही बाहेर पडलो.

एसटी स्टँडवर रसवंतीच्या बाकड्यावर बसून तिने माझ्या मोबाईलवर आपल्या पासवर्डने तो अर्ज उघडला आणि सरकारी कॉलेज उचलून पहिल्या नंबरला ठेवलं. मामा घाबरला. तेव्हा मला कळलं की त्याची भीती सरांपेक्षा जुनी आहे.

"आगं, पहिल्याच नंबरला येवढं मोठं नाव टाकलं तर वरचे काय म्हनतील? ही कोन लागून गेली? आधी बारकं मागावं. मग त्यांनीच म्हनावं, घे, मोठं घे."

टोळीत असंच चालतं. मुकादमाकडे गेल्या गेल्या कोपीसाठी, म्हणजे राहायच्या झोपडीसाठी, चांगली जागा मागितली, तर हमखास चिखलातली मिळते. गप्प राहणाऱ्याला कधीतरी बरी मिळते. मामा आयुष्यभर असाच मागत आला होता आणि त्याला वाटत होतं, वर कुणीतरी बसून पोरीचा अर्ज वाचणार आहे आणि नाक मुरडणार आहे.

"मामा, मशीन हाय ते. मशीनला राग येत न्हाई," मी म्हणाले.

"मशीनच्या मागं मानूसच बसलेला असतो ना?"

मामाची ही भीती सरांना माझ्याआधी माहीत होती. या माणसांना थोडंच मागायची सवय आहे, सरांनी त्याचाच धंदा केला होता.

"पप्पा," ती म्हणाली, "मी मागते. शिव्या पडल्या तर मला पडू द्या."

मामाने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि उसाचा रस मागवला. नवा ओटीपी आला, तो तिने टाकला.

पहिल्याच फेरीत तिला पुण्याचं सरकारी कॉलेज मिळालं. मामी रडली. मामा दिवसभर तो मेसेज भेटेल त्याला दाखवत फिरला.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती. आठवड्याने नेवासा फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लागला. वर साहेब, बाजूला सर, मधे आमची मुलगी, अर्जाला जोडलेल्या, शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोत. खाली लिहिलेलं: ऊसतोड कामगाराच्या कन्येची गरुडभरारी, आमच्या अचूक मार्गदर्शनाने. आता तिचं नाव होतं, ठळक अक्षरात.

मी मामाला म्हणाले, हा काढायला लावू.

"राहू दे," तो म्हणाला. "फोटू बरा आलाय." संस्थेने ठेवलेल्या सत्काराला तो गेला, शाल घेऊन आला. मुलगी गेली नाही. तिने तो फ्लेक्स एसटीच्या खिडकीतून पुण्याला जाताना बघितला आणि मला फोन केला. "ताई, मी त्या फ्लेक्सवर हसतीय. तो फोटो काढला त्या दिवशी मला हसू आलेलंच नव्हतं."

परवा बाजाराच्या दिवशी त्या फ्लेक्सखाली एक बाई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. मुलगी सरांचा नंबर मोबाईलमध्ये घेत होती. मी जवळ जाऊन सांगू लागले, की नंबर घेऊ नका, यादी फुकट मिळते, आणि जे पाहिजे ते पहिल्या नंबरला टाका.

बाईने माझ्याकडे बघितलं, मग वर फ्लेक्सकडे.

"तुमी सरांकडच्या का?" तिने आदराने विचारलं.

"नाही."

"मग राहू द्या," ती म्हणाली, आणि मुलीला पुढचे आकडे वाचून दाखवू लागली.