माझ्या नावावर लावलेली पंधरा वर्षं

त्यांनी माझ्या घरातून फ्रीज बाहेर काढला. चार माणसं लागली. फ्रीज हलका व्हावा म्हणून आतलं सगळं घमेल्यात काढून अंगणात ठेवलं आणि फ्रीज शेजारच्या बापूरावाच्या गोठ्यात, शेळ्यांजवळ नेऊन उभा केला. मग चार खुर्च्या गेल्या. भिंतीवरचं घड्याळ गेलं. गॅसची शेगडी पलंगाखाली सरकवली. अंघोळीचं पाणी तापवायची लोखंडी चूल उचलून आत, स्वयंपाकाच्या जागी आणली.

हे करायला सांगणारा शहरातून आलेला समन्वयक होता. वय माझ्याएवढंच, सेहेचाळीसच्या आसपास. मला मामा म्हणायचा. सामान हलवून झाल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मामा, शर्ट बदला. एखादा जुना, फाटका असेल ना?"

मी शर्ट बदलला.

हे मी आधीच लिहून टाकतो. मला कुणी हात लावला नाही. मी माझ्या पायांनी आत गेलो, बायकोनं गोधडीसाठी ठेवलेल्या चिंध्यांच्या गाठोड्यातून एक शर्ट काढला आणि घातला. त्याला तीनच गुंड्या होत्या. बाहेर आलो तर बापूराव कुडाला टेकून उभा. तो जातीनं धनगर, माझ्या बरोबरीचा, जिभेला हाड नसलेला माणूस. म्हणाला, "काय काटेवाले, घर खाली करून राह्यले का? का आज फ्रीजचाबी बाप्तिस्मा हाये?"

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी शर्टाची वरची गुंडी लावत राहिलो.

काटेवाला म्हणजे मी. राहायला आष्टीत, कामाला परतूरच्या जिनिंगमध्ये. कापसाच्या गाड्या ज्या वजनकाट्यावर चढतात त्याच्या खोलीत मी बावीस वर्षं बसतो. भरलेली गाडी किती, रिकामी किती, हे मी पावतीवर लिहितो आणि खाली सही करतो. दुसरं काही मला फारसं येत नाही.

मला भीती होती ती रूथसाठी. रूथ माझी मुलगी, वय एकवीस. बी.एस्सी. झाली आणि न्यूझीलंडमधल्या एका ख्रिस्ती शाळेत तिला प्रवेश मिळाला. शाळेनं फी माफ केली. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. साडेतीन महिने वर्ग, मग अडीच महिने तरुण मुलांमध्ये सेवादौरा. अडतीस विद्यार्थी, त्यांत भारतातली ही एकटी. आमच्या मंडळीतून, म्हणजे गावच्या चर्चच्या लोकांतून, विमानात बसलेलं पहिलं माणूस. वर्ग संपत आले होते आणि दौऱ्याची तयारी चालू होती. त्या तयारीत प्रत्येक गटानं एका विद्यार्थ्यावर छोटी फिल्म बनवायची होती. त्याचं आयुष्य आधी कसं होतं आणि आता कसं आहे. ती फिल्म तिकडच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना दाखवायची. रूथच्या गटानं रूथचं घर निवडलं. म्हणून कॅमेरा घेऊन तिकडची दोघं तरुण माणसं आमच्या दारात आली होती आणि त्यांच्यासोबत शाळेचं इथलं काम बघणारा हा समन्वयक.

आल्या आल्या त्यानं मला बाजूला घेतलं होतं. घरच्यांचं सहकार्य कसं आहे याचा अहवाल इथून जातो, म्हणाला. दौऱ्याला कोण जाणार आणि कुणाला परत पाठवणार ते त्यावर ठरतं. आवाज मऊ होता. 

त्यांनी मला जमिनीवर बसवलं. चुलीत ओल्या काड्या घातल्या, धूर पाहिजे होता. बायकोला डोक्यावर पदर घ्यायला लावला. ती अंगणवाडीत शिकवते, तिला असं कुणी सांगितलेलं तिच्या आठवणीत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

कॅमेऱ्यामागची मुलगी रूथच्याच वयाची होती. बोलायला नरम. तिनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. समन्वयक मला म्हणाला, "तुमची दारू कधी सुटली, असं विचारते आहे."

मी म्हणालो, "मी कधी पेलोच न्हाई."

माझी चार-पाच शब्दांची गोष्ट. त्यानं त्याचं इंग्रजी करायला बराच वेळ घेतला. बोलताना हात हलवले, एकदा छातीवर हात ठेवला. माझं इंग्रजी काही खास नाही. पण काट्याच्या पडद्यावर आणि पावत्यांवर बावीस वर्षं इंग्रजी आकडे वाचतो आहे. फिफ्टीन इयर्स. हे मला बराबर ऐकू आलं. त्या मुलीचे डोळे भरून आले.

पंधरा वर्षं. मी मनात मोजलं. रूथ सहा वर्षांची असल्यापासून आजपर्यंत पंधरा होतात. त्या सगळ्या वर्षांत मी रोज सकाळी आठला काट्यावर हजर होतो. हे मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. 

शूटिंग तीन तास वीस मिनिटं चाललं. ते गेल्यावर बायको अंगणात गेली आणि तिथंच उभी राहिली. घमेल्यात दूध फाटलं होतं. दुधाखाली तिच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या. उन्हानं गरम झालेल्या. औषधाच्या दुकानातल्या पोरानं हातात घेतल्या आणि म्हणाला, टाकून द्या काकू, आता बिलकुल चालायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला रूथला फोन लावला. तिच्याकडे दुपारचे दोन वाजलेले असतात. मी विचारलं, पंधरा वर्षं कुठून आली.

 मग तिनं सांगितलं ते असं. तिथं सगळ्यांना आपली साक्ष, म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते, लिहायला लावतात. तीन मिनिटांत वाचून होईल एवढी. पहिला भाग आधीचा अंधार, दुसरा भाग वळण, तिसरा भाग उजेड. आमच्याकडेही उपासनेत साक्ष देतात, पण ती उठून, मनाला येईल तशी, आजारातून उठलो, पेपर सोपा गेला, अशी. रूथनं तशीच लिहिली. जन्मापासून मंडळीत आहे, आई-वडील चांगले आहेत, आजा-पणजाच्या काळापासून प्रार्थना होते. ती साक्ष दोनदा परत आली. पहिला भाग नाही, शिकवणारे म्हणाले. नीट आठव, म्हणाले.

"पप्पा, बाकीच्यांचं ऐकून सगळे रडायचे. माझं झालं की नुसतं थँक यू म्हणायचे. मंग तिसऱ्या वेळेस मी लिहून टाकलं."

"माझी दारू."

"हो."

"आणि फाटका शर्ट?"

"ते मी न्हाई लिहिलं."

मग ती रडायला लागली. रविवारी आपल्या चर्चमध्ये कॅमेऱ्यासमोर तुमची साक्ष ठेवलीय, एकदाच हो म्हणा, पप्पा. न्हाई म्हणलात तर मला गटातून काढतील. बाकीचे दौऱ्याला जातील आणि मी एकटी परत येईन. लोक विचारतील, काय केलं म्हणून पाठवलं. एकवीस वर्षांत माझ्याकडे तिनं हट्टानं मागितलेल्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या. मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

शनिवारी समन्वयकानं कागद आणून दिला. मराठीत टाइप केलेला, एका पानाचा. मी पंधरा वर्षं दारू प्यायचो. बायकोला मारायचो. गावात सगळीकडे अंधार होता, देवाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आता या गावात तीनशे लोक उजेडात आले आहेत. खाली माझं नाव.

तीनशे हा आकडा मी पुन्हा वाचला.

आमच्या मंडळीत अकरा घरं आहेत. माणसं सेहेचाळीस. नऊ वर्षांत नवीन आलेलं एकही नाही, जन्मलेली लेकरं सोडून. थंडीत एका रविवारी उपासना चालू असताना सात पोरं दारात येऊन उभी राहिली होती. आत आली नाहीत, बोलली नाहीत. आमच्या मोटारसायकलींचे नंबर मोबाइलमध्ये काढून घेऊन गेली. तेव्हापासून आम्ही पेटी-तबला हळू वाजवतो. त्या पोरांच्या हाती, हे लोक गाव बाटवतात याचा पुरावा म्हणून, हे तीनशे लागले तर? मी माझ्या तोंडानं, कॅमेऱ्यासमोर सांगितलेले? समन्वयक सोमवारी गाडीत बसून शहरात जाणार. सेहेचाळीस माणसं इथंच राहणार. आणि बापूरावासारखी गावातली माणसं, ज्यांच्या लग्नात आम्ही जेवतो, ती फिल्ममध्ये अंधारातली म्हणून दिसणार.

आणखी एक गोष्ट मला सलत होती. आमच्या घरात आधीचा अंधार होता. पण तो कुणी विचारलाच नाही. माझा आजा महारवाड्यातला. गावच्या विहिरीवर त्याला पाणी नव्हतं, उन्हाळ्यात तो दुसऱ्यानं वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून बसायचा. त्यानं बाप्तिस्मा घेतला तो दारू सोडायला नाही. माणसांच्या पंगतीला माणूस म्हणून बसायला. त्याच्या नातवाला यांनी पुन्हा जमिनीवर बसवलं होतं, आणि तेही घरच्या खुर्च्या बाहेर काढून.

रविवारी चर्चमध्ये सगळी मंडळी होती. तरुणांचा मेळावा म्हणून परतूर आणि अंबडकडून पंचवीस-तीस पोरंपोरी आलेली. कॅमेरा पुढं तीन पायांच्या स्टँडवर. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी उठलो.   मला रूथ दिसत होती, बॅग घेऊन एकटी परत येणारी.

मी कागद उघडला. पहिली ओळ वाचायला तोंड उघडलं. समोर तिसऱ्या बाकावर बायको बसली होती. खालच्या ओळीत लिहिलं होतं, बायकोला मारायचो.

मी कागदाची घडी घातली.

"मी दारू पेलेलो न्हाई," मी म्हणालो. "कधीच. बायकोवर हात टाकलेला न्हाई, ती समोर बसलीय, इचारा. आमची अकरा घरं, सेहेचाळीस माणसं. तीनशे न्हाईत. या गावाला देवाचं नाव आमच्या आधीपासून माहीत हाये. चुकीच्या पावतीवर मी आजपर्यंत सही केली न्हाई. याच्यावरबी करणार न्हाई."

समन्वयक हसत उठला. "मामा घाबरले आहेत. मामा, बसा खाली."

"मामा म्हणू नका," मी म्हणालो. "तुमच्या आईचा मी भाऊ न्हाई. आणि खाली एकदा बसलो. आता बसणार न्हाई."

मागच्या बाकांवर एक पोरगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

मी कॅमेऱ्यामागच्या मुलीकडे वळलो. आता मध्ये कुणी नको होतं. म्हणालो, "नो ड्रिंक. नेव्हर. झीरो इयर." आणि बोटांनी शून्य करून दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग समन्वयकाकडे. तो इंग्रजीत भराभरा काही सांगू लागला. तिनं हात पुढं केला आणि कॅमेरा बंद केला.

समन्वयक जाताना माझ्याजवळ थांबला. "रूथचं काय होईल, याचा विचार केला का तुम्ही?"

केला होता. दुसरं काहीच केलं नव्हतं.

बुधवारी रूथचा फोन आला. तिला गटातून काढलं होतं. वर्ग पूर्ण करता येतील, दौऱ्याला जाता येणार नाही. त्या कॅमेऱ्यावाल्या मुलीनं तिकडे जाऊन काय सांगितलं ते तिला माहीत नव्हतं. रूथ रडत नव्हती. ते मला जास्त लागलं.

"पप्पा, तुम्ही माझं नुकसान केलं."

"हो," मी म्हणालो.

पाळकसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. दोन घरांनी आमच्याकडे येणं बंद केलं. त्यांची पोरंही पुढं मागं तिकडे जायची होती. घरात शूट झालेला भाग शाळेच्या लोकांकडेच आहे. फाटक्या शर्टातला मी, धूर आणि पंधरा वर्षं. तो कुठं दाखवतील, कोण बघेल, कोण उचलून गावात आणेल, सांगता येत नाही. फाटकापाशी अनोळखी मोटारसायकल थांबली की अजून मी आधी तिचा नंबर बघतो.

रूथला मी फोनवर सांगितलं की शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहितो आहे. तिच्या आईनं कच्चं लिहिलं, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका मॅडमनी इंग्रजी केलं. त्यात कुणाला शिव्या नाहीत. माझं नाव, वय, काम, आमची खरी संख्या, आजाच्या बाप्तिस्म्याचं कारण आणि ती फिल्म कुठंही दाखवू नये ही मागणी. रूथ म्हणाली, पाठवू नका, आहे ते वर्गही जातील.

"जाऊ दे," मी म्हणालो. "तू परत आलीस तर स्टेशनवर घ्यायला मी येईन. लोक इचारतील, त्यांना मी सांगीन. पण तुझी साक्ष तू पुन्हा लिहायची, आणि तिथंच सगळ्यांसमोर वाचायची. कुणी रडो न्हाईतर न रडो."

 फोन चालू होता, तिच्या मागं भांड्यांचा आवाज येत होता.  मी फोन ठेवला, पत्राखाली पूर्ण नावानं सही केली आणि पाठवून दिलं.